आरे-वारेचं वळण आणि कोइमतूरचा ट्रॅक

२३ सप्टेंबर २०२३ ला आमच्या गौरी-गणपतींचं विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी रविवार. मुंबईकर चुलत भावांच्या बॅगा ओटीवर भरून ठेवलेल्या आणि सगळे टीव्हीसमोर. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकलींची जागतिक स्पर्धेतली शर्यत होती. उकाडा इतका की चोवीस फेऱ्यांची शर्यत एकवीस फेऱ्यांवर आणली होती. मार्को बेझ्झेकी जिंकला, पण माझ्या लक्षात राहिला होर्हे मार्टिन. दुसरा आला आणि गाडीवरून उतरल्यावर त्याला धड उभंही राहता येईना. अंगातलं पाणी पार संपलं होतं.

मी रत्नागिरीजवळच्या एका कॅनिंगच्या कारखान्यात हिशेब बघते. घरची हापूसची थोडी बाग आहे. यामाहाची आर१५ मोटरसायकल चार वर्षं चालवत होते, कामावर जायला आणि रविवारी आरे-वारेच्या किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला. त्या दिवसापासून मात्र रविवारची फेरी बदलली. भाऊ मुंबईला परतले, गावातली तीन पोरं उरली, आणि पुळ्यापर्यंत कोण आधी पोचतं हे आम्ही मोजायला लागलो.

१७ डिसेंबरला सकाळी साडेसातला, सुरुबनाच्या अलीकडच्या एका वळणावर मी पडले. वेग साठच्या आसपास असेल. वळणाच्या बाहेरच्या अंगाला जांभ्याची बारीक खडी पसरली होती. ती मला वेळेवर दिसली होती, हेच मला नंतर कित्येक दिवस छळत राहिलं. दिसली आणि मी तिच्याकडेच बघत राहिले. गाडीही तिकडेच गेली. डाव्या बाजूची कॉलरबोन मोडली. समोरून एसटी येत असती तर हे लिहायला मी नसते.

सहा आठवडे हात गळ्यात. आई बोलत नव्हती. आजी रोज संध्याकाळी कपाळाला अंगारा लावायची आणि म्हणायची, "अगो, पुरे झालं आता." गाडी विकू या का, असं मीच बाबांना विचारलं. ते म्हणाले, "विकून काय होणार? उद्या दुसऱ्याची घेशील. शिकायचंच असेल तर शिकवणाऱ्याकडे जा. रस्त्यावर नको." बाबांचं हे वाक्य मिळालं नसतं तर मी गाडी सोडली असती किंवा लपूनछपून तेच करत राहिले असते.

त्या सहा आठवड्यांत खूप वाचलं. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ तेव्हा पहिल्यांदा कळलं. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आम्ही त्याला 'रविवारची फेरी' म्हणत होतो.

दुसरं कळलं ते असं, की बंद ट्रॅकवर शिकायची सोय आपल्या देशात चांगली आहे, पण ती आपल्यापासून लांब आहे. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइमतूरजवळ चेट्टिपालयमचा कारी मोटर स्पीडवे, आणि उत्तरेला बुद्ध. कारीची एक फेरी २.१ किलोमीटरची. नवख्या माणसाला तीच बरी, कारण तेच वळण दर दोनेक मिनिटांनी पुन्हा समोर येतं आणि मघाची चूक अजून ताजी असते. मी कारी ठरवलं. आणखी एक कारण होतं. ऑगस्टमध्ये आपल्याकडे धो धो पाऊस असतो, तेव्हा कोइमतूर सह्याद्रीच्या पलीकडे, पर्जन्यछायेत असतं. आंब्याचं काम मेअखेर संपतं, पावसात मला सुट्टी मिळते, आणि तिथला ट्रॅक बहुधा कोरडा असतो. हे गणित माझ्यासारख्या प्रत्येक बागायतदाराच्या पोरीला जमण्यासारखं आहे.

फेब्रुवारीत पुन्हा एक्स-रे काढला. हाड जुळलं होतं, पण डॉक्टरांनी एप्रिलपर्यंत गाडीला हात लावू दिला नाही. मार्च ते मे पेट्या, पेंढा, ट्रकचे फोन. त्यातून पहाटे वीस मिनिटं काढायची आणि उठाबशा, प्लँक, मानेचे व्यायाम करायचे. याचा उपयोग किती होतो ते ट्रॅकवर कळतं. मांड्यांनी टाकी धरता आली नाही तर माणूस हँडलला लोंबकळतो, आणि हँडलला लोंबकळलं की गाडी वळत नाही.

विम्याचं आधीच बघा, मी बघितलं ते सांगते. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. स्वतःची गाडी ट्रॅकवर नेली आणि मोडली तर ते पैसे आपले. आरोग्य विम्यात 'एक्सक्लूजन ०९' नावाचं कलम असतं. धाडसी खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यामुळे झालेल्या इजेचा खर्च त्यात वगळलेला असतो आणि मोटार रेसिंगचं नाव त्या यादीत स्पष्ट आहे. 'व्यावसायिक म्हणून' या शब्दांवर सगळं अडलेलं. मी हौशी आहे, पैसे घेत नाही, मला लागू होतं का, असं कंपनीला मेलवर विचारलं. फोनवर दोन माणसांनी दोन उत्तरं दिली. लेखी उत्तर एकोणीस दिवसांनी आलं, हौशी प्रशिक्षणाला अडचण नाही म्हणून. तो मेल छापून फाइलला लावला आहे. तुम्हीही लेखीच घ्या, आणि वैयक्तिक अपघात विमा असेल तर त्याचे नियम वेगळे वाचा.

१० जूनला प्रशिक्षणाचा अर्ज भरला. दोन दिवसांचा पहिला वर्ग, गाडी आणि पेट्रोल धरून १९,००० रुपये, त्यातले पाच हजार आगाऊ. मी त्यांना फोनवर चार प्रश्न विचारले होते. एका बॅचला किती जण? एका प्रशिक्षकामागे किती? रुग्णवाहिका ट्रॅकवर उभी असते की बोलावल्यावर येते? अकादमीला एफएमएससीआयची, म्हणजे मोटर स्पोर्ट्सच्या राष्ट्रीय महासंघाची, मान्यता आहे का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण पुढे शर्यतीचा परवाना काढायचा तर मान्यताप्राप्त अकादमीचंच प्रमाणपत्र लागतं. चारही उत्तरं न अडखळता आली, म्हणून पैसे भरले.

सामानाबद्दल माझं ठाम मत आहे: हेल्मेट आणि हातमोजे स्वतःचे, बाकी पहिल्या वेळी भाड्याने. हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं हवं आणि पट्टा दोन कड्यांचा. चटकन लागणारं बकल ट्रॅकवर चालत नाही. मी ईसीई २२.०६ चा, म्हणजे युरोपातल्या हेल्मेट मानकाचा, शिक्का असलेलं घेतलं, १३,५०० ला, कोल्हापूरच्या दुकानात तीन वेळा डोक्यावर चढवून. आंबा घाट उतरून-चढून तेवढ्यासाठी गेले. ऑनलाइन मागवू नका. गाल चिमटल्यासारखे दाबले गेले पाहिजेत आणि हेल्मेट हाताने फिरवलं तर त्याबरोबर गालांची कातडी फिरली पाहिजे. हातमोजे मनगट पूर्ण झाकणारे, ४,२०० चे. पाठीचं संरक्षक कवच लेव्हल दोनचं, म्हणजे वरच्या दर्जाचं, ५,५०० चं, तेही घेतलं, कारण भाड्याच्या सूटमध्ये काय असेल याची खात्री नव्हती. सूट आणि बूट दोन दिवसांना ३,००० भाड्याने.

२२ ऑगस्टला, गुरुवारी, रत्नागिरीहून नेत्रावती एक्सप्रेसने निघाले. जुलैमध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी येऊन कोकण रेल्वे बंद पडली होती, म्हणून वर्गाच्या आधी थोडा वेळ हाताशी ठेवला. पावसाळी वेळापत्रकात गाड्या तशाही सावकाश धावतात. केरळात शोरनूरला उतरून दुसऱ्या गाडीने कोइमतूर. जाऊन-येऊन भाडं साडेतीन हजार, लॉज तीन रात्रींचे ३,६००. शोरनूरपर्यंत खिडकीला पाऊस होता. पालक्काड ओलांडलं आणि आभाळ उघडलं.

शनिवारी सकाळी साडेसहाला गेटवर. आम्ही चौदा जण, त्यात मुली तीन. आधी सह्या. जबाबदारी आपलीच आहे असं कबूल करणारं सहापानी पत्र, आणि ते मी पूर्ण वाचलं, मागे रांग होती तरी. रक्तगट, ॲलर्जी, घरच्यांचा नंबर. मग वर्ग, भाषा इंग्रजी आणि मध्येमध्ये तमिळ. भाषेची भीती होती, ती पहिल्या तासात गेली, कारण अर्धं शिकवणं खडूने फळ्यावर आणि उरलेलं खुर्चीवर बसवून होतं.

झेंडे सगळ्यात आधी. पिवळा म्हणजे पुढे धोका, कुणालाही ओलांडायचं नाही. लाल म्हणजे सत्र थांबलं, मागच्याला हात दाखवून वेग कमी करायचा आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या उभ्या करायच्या जागी, परतायचं. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा, बहुधा तेल सांडलेलं. काळ्यावर नारिंगी गोल म्हणजे तुझ्याच गाडीत बिघाड आहे, बाहेर ये. तोंडी परीक्षा घेतली, आणि एकाला उत्तर आलं नाही तेव्हा त्याला पहिल्या सत्रात बसवून ठेवलं. त्या वेळी कठोर वाटलं. दुपारी एक जण पडला, लाल झेंडा निघाला आणि तेराच्या तेरा गाड्या शांतपणे आत आल्या, तेव्हा कारण समजलं. पडलेल्या मुलाला फक्त खरचटलं होतं. पण त्याला बघायला रुग्णवाहिका गेली आणि ती जागेवर परत येईपर्यंत पुढचं सत्र सुरू केलं नाही. चाळीस मिनिटं आम्ही सावलीत बसून होतो. त्या चाळीस मिनिटांनी माझा त्या माणसांवर विश्वास बसला.

पहिली दोन सत्रं ब्रेक न वापरता. एकाच गिअरवर, वीस मिनिटं. वेग इतकाच ठेवायचा की वळणाआधी फक्त गॅस, म्हणजे ॲक्सिलरेटर, सोडून गाडी हवी तेवढी हळू व्हावी. मला वाटलं होतं तिथे गेल्यावर वेग शिकवतील. दीड दिवस त्यांनी मला थांबायला, हळू व्हायला आणि बघायला शिकवलं.

बघण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण मी पडले ती त्यामुळेच. वळणावर तीन जागा ठरवून दिलेल्या असतात: जिथे गाडी आत झुकवायची, जिथे आतल्या कडेला सर्वांत जवळ जायचं, आणि जिथून बाहेर पडायचं. प्रत्येक जागी प्लॅस्टिकचा शंकू. पहिल्या शंकूशी पोचण्याआधीच नजर दुसऱ्यावर गेली पाहिजे, दुसऱ्याशी पोचण्याआधी तिसऱ्यावर. गाडी डोळ्यांच्या मागून येते. प्रशिक्षक माझ्या पुढे गाडी चालवत होते आणि मी चुकून त्यांच्या मागच्या चाकाकडे बघायला लागले की ते कसे कोण जाणे ओळखायचे आणि डावा हात वर करून पुढे बोट दाखवायचे. तिसऱ्या सत्रात एका डाव्या वळणावर बाहेरच्या कडेची वाळू दिसली, आणि छातीत तेच झालं जे आरे-वारेला झालं होतं. मी जोर लावून मान डावीकडे फिरवली. गाडी वळली. पिटमध्ये आल्यावर हेल्मेट काढलं नाही, पाच मिनिटं तशीच रडत बसले. मैत्रीण झालेल्या सेलमच्या मुलीने काही न विचारता पाण्याची बाटली आणून दिली.

दुसरी गोष्ट हँडलची. वेगात असताना डावीकडे वळायचं तर डावं हँडल पुढे ढकलायचं. ऐकायला उलटं वाटतं, पण आपण सगळे नकळत हेच करत असतो. जाणूनबुजून केलं की गाडी चटकन आणि नेमकी झुकते, आणि अंगाची धडपड कमी होते. तिसरी ब्रेकची. पुढचा ब्रेक एकदम आवळला तर वजन पुढच्या चाकावर यायच्या आत टायर सुटतो. खोबऱ्याचं दूध पिळताना आपण आधी हलका हात ठेवतो आणि मग पूर्ण जोर लावतो, तसा तो दाबायचा, आणि सोडतानाही तितकाच हळू. ही उपमा माझी, पण प्रशिक्षकांना सांगितल्यावर त्यांनी ती पुढच्या मुलाला तमिळमध्ये सांगितली. नारळ तिकडेही आहेतच.

दुपारी वारा सुटतो. पालक्काडच्या खिंडीतून येणारा हा वारा पावसाळ्यात चांगलाच जोरदार असतो आणि सरळ रस्त्यावर गाडी बाजूला ढकलतो. हात सैल ठेवले तर गाडी स्वतःच सावरते. घट्ट धरलं तर ती थरथर आपणच वाढवतो. पाण्याचं मार्टिनमुळे ध्यानात होतं: दर सत्रानंतर अर्धा लिटर, त्यात मीठ-साखर. कोकम सरबताची बाटली घरून नेली होती, ती पहिल्याच दिवशी सगळ्यांनी संपवली.

रविवारी संध्याकाळी प्रमाणपत्र आणि एक कागद मिळाला, त्यावर माझ्या चुका लिहिलेल्या. उजव्या वळणाला खांदे ताठ. गॅस उशिरा. ब्रेक चांगला. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.

शर्यतीच्या परवान्याचं ऑक्टोबरमध्ये मनात आलं होतं, पण तो कधीही काढला तरी ३१ डिसेंबरलाच संपतो. दोन महिन्यांसाठी फी का भरा? म्हणून जानेवारी २०२५ मध्ये अर्ज केला. अर्ज ऑनलाइन होतो. फोटो, वयाचा पुरावा, रक्तगटाचा अहवाल, अकादमीचं प्रमाणपत्र आणि त्यांच्याच नमुन्यातला वैद्यकीय दाखला. माझा अर्ज एकदा परत आला. दाखल्यावर डॉक्टरांची सही होती, पण शिक्का आणि नोंदणी क्रमांक मी बघून घेतला नव्हता. आमच्या डॉक्टरांकडे पुन्हा जाण्यात चार दिवस गेले. जुनं फ्रॅक्चर मी अर्जात लिहिलं होतं, सोबत एक्स-रेचा अहवाल जोडला. लपवू नका. कुठे हाड मोडलं होतं हे माहीत असणं ट्रॅकवरच्या डॉक्टरच्या उपयोगाचं असतं.

मधल्या काळात सूट विकत घेतला, पुण्याहून, जुना, २१,००० ला. जुना घेताना शिवणी बघा, विशेषतः नितंब आणि कोपर. पडलेल्या सूटचा घासलेला भाग चालतो, उसवलेला नाही. आणि आपल्याकडे कातड्याचा मोठा शत्रू पावसाळा. सप्टेंबरात कपाट उघडलं तर घरच्या बुटांवर पांढरी बुरशी. म्हणून सूट कपाटात नाही, माळ्यावर चुलीच्या उबेला जाड हँगरवर असतो, बाह्यांत वर्तमानपत्राचे बोळे, दर पंधरा दिवसांनी कोरड्या फडक्याने पुसून. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच ठेवायचा नाही.

फेब्रुवारीत, मोहोर धरला होता आणि फवारणीला आठवड्याची उसंत होती तेव्हा, दुसरा वर्ग केला. शेवटी शिकाऊंची पाच फेऱ्यांची शर्यत. बारा गाड्या. लाल दिवे विझेपर्यंत क्लचवरचा हात थरथरत होता. पहिल्या वळणाला मी मुद्दाम मागे राहिले, कारण नवख्यांची टक्कर तिथेच होते हे आम्हाला दहा वेळा सांगितलं होतं. नववी आले. कुणी पडलं नाही. घरी फोन केला तर आईने उचलला. "आलीस का आत?" एवढंच तिने विचारलं. आत म्हणजे पिटमध्ये. तो शब्द ती कुठून शिकली माहीत नाही.

सगळा हिशेब मांडला तर पहिला वर्ग सामानासकट पन्नास हजारांच्या आसपास गेला, आणि दुसरा, सूट धरून, साधारण तेवढाच. दोन वर्षं फोन बदलला नाही, एक पाडव्याचा दागिना झाला नाही. लांजा-राजापूरकडच्या कुणाला जायचं असेल तर चौघांनी मिळून जा, लॉज आणि रिक्षा निम्म्यावर येतात.

रविवारी अजूनही पुळ्याला जाते. त्या तीन पोरांपैकी एक जण यंदा ऑगस्टच्या वर्गाला येतोय, आगाऊ पैसे भरून झालेत. उरलेल्या दोघांना मी हेल्मेट घालायला दिलं होतं, गाल दाबतं म्हणून त्यांनी लगेच काढलं. परवा वळणावर थांबून आम्ही चौघांनी खडी झाडूने बाजूला केली. पुढच्या पावसात ती पुन्हा येईल.